चौरस निगेटिव्ह आणि हाताचा कंप : मीडियम फॉरमॅट कॅमेरा निवडण्याआधी थोडा इतिहास

आजचा धागा नेहमीपेक्षा लांब आहे. चहा घेऊन बसावे.

महाराष्ट्रातल्या जुन्या घरांत, पत्र्याच्या पेटीत किंवा काळ्या कागदांच्या अल्बममध्ये, काही चौरस काळेपांढरे फोटो हमखास सापडतात. भोवती पांढरी किनार, कोपऱ्यांना चिकटवलेले कागदी त्रिकोण. अंगणातली मुंज, सहलीला निघालेली एसटी, नव्या नऊवारीतली आजी. यांतले बरेच फोटो किंचित हललेले असतात. आजीचा चेहरा ओळखू येतो, पण नथीतले मोती वेगवेगळे मोजता येत नाहीत.

ते चौरस का आणि हललेले का, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे बऱ्याचदा एकाच यंत्रापाशी येऊन थांबतात : आग्फा क्लिक थ्री. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये तयार होणारा हा साधा कॅमेरा भारतातल्या मध्यमवर्गाचा पहिला कॅमेरा ठरला. १२० क्रमांकाच्या रोलवर सहा बाय सहा सेंटिमीटरच्या बारा चौकटी तो टिपत असे. शटरचा वेग एकच, आणि तोही मंद. अंग प्लास्टिकचे, वजनाने हलके. उत्साहाच्या भरात बटण जोरात दाबले की कॅमेराच खाली झुके आणि तो झोका निगेटिव्हवर उमटे. मोठी निगेटिव्ह, हलके यंत्र, मंद शटर आणि अधीर बोट, असा तो चौघांचा संसार होता.

हे सारे आठवण्याचे कारण असे की, फिल्मकडे परतलेल्या तरुणांमध्ये सध्या एक प्रश्न वरचेवर ऐकू येतो : ‘मीडियम फॉरमॅटचा कॅमेरा घ्यायचा आहे, पण ट्रायपॉड वाहायचा नाही, हातात धरूनच वापरायचा आहे, कोणता घ्यावा?’ बाजारभाव सांगून या प्रश्नाला उत्तर देता येते. पण त्यात मला फारसा रस नाही. कॅमेरे बनवणाऱ्यांनी हाच प्रश्न शंभर वर्षे स्वतःला विचारला आणि त्यांची उत्तरे पितळ, काच आणि कापडी पडदे यांच्या रूपाने आज आपल्यासमोर आहेत. ती वाचता आली, तर खरेदी सोपी होते. इतिहासाच्या अभ्यासकाला त्याहून मोठा लाभ होतो : एखादे जुने छायाचित्र घेताना कॅमेरा शरीराच्या कोणत्या भागापाशी होता, हे पुष्कळदा त्या छायाचित्रातूनच कळते, आणि मग ते छायाचित्र साधन म्हणून निराळे बोलू लागते.

आधी संज्ञा स्पष्ट करू. १२० क्रमांकाची फिल्म कोडॅकने १९०१ साली नंबर टू ब्राउनी या पेटीवजा कॅमेऱ्यासाठी आणली. सुमारे सहा सेंटिमीटर रुंदीची पट्टी आणि तिच्यामागे आकडे छापलेला कागद. शंभर वर्षांहून अधिक काळ हा आकार टिकून आहे आणि आजही नवा रोल विकत मिळतो. १९०१ च्या कॅमेऱ्यात आजचा रोल बसतो, असे भाग्य फार थोड्या यंत्रांच्या वाट्याला आले आहे. याच पट्टीवर कोणी १५ किंवा १६ चौकटी घेतो (सहा बाय साडेचार), कोणी १२ (सहा बाय सहा), कोणी १० (सहा बाय सात), तर कोणी आठच (सहा बाय नऊ). नेहमीच्या ३५ मिमी फिल्मची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटरची असते. सहा बाय सहाची प्रत्यक्ष चौकट ५६ बाय ५६ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळाने साडेतीन पटींहून अधिक. मीडियम फॉरमॅटचा सारा मोह या साडेतीन पटींत आहे.

आता अडचण. ‘निगेटिव्ह मोठी म्हणून हाताचा कंप अधिक दिसतो’ असे सर्रास सांगितले जाते. हे विधान जसेच्या तसे खरे नाही. समान दृश्यकोनाच्या लेन्सने टिपून समान आकाराचा प्रिंट काढला, तर हाताच्या तेवढ्याच कंपाने दोन्ही फॉरमॅटमध्ये सारखीच अस्पष्टता येते. मोठ्या निगेटिव्हवर कंपाची रेघ लांब उमटते खरी, पण ती निगेटिव्ह मोठी करावीही कमी लागते. खरी मेख दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे, मोठी निगेटिव्ह आपण मोठा प्रिंट काढण्यासाठीच घेतो आणि मग लपलेला कंप उघडा पडतो. दुसरी म्हणजे स्पष्टतेची खोली. ३५ मिमीवर एफ/४.५ ला जितका भाग स्पष्ट येतो, तितकाच सहा बाय सहावर हवा असेल तर लेन्स सुमारे एफ/८ पर्यंत मिटावी लागते. म्हणजे पावणेदोन स्टॉपचा प्रकाश गेला. ३५ मिमीवर १/१२५ सेकंदाला निभले असते, तिथे आता १/४० ला हात स्थिर ठेवायचा.

म्हणून प्रश्न नेमका असा मांडायला हवा : १/४० किंवा १/३० सेकंदाच्या त्या अवधीत कॅमेऱ्याच्या पोटात काय काय हलते? आणि तो कॅमेरा शरीराच्या कोणत्या भागाला टेकलेला असतो? या विषयाचा इतिहास या दोन प्रश्नांभोवतीच फिरतो.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वृत्तपत्रांचे छायाचित्रकार, विशेषतः अमेरिकेतले, स्पीड ग्राफिक नावाचे धूड हातात धरून काम करीत. १९१२ पासून बनत आलेला हा कॅमेरा प्रामुख्याने चार बाय पाच इंचांच्या सुट्या फिल्मवर चाले. प्रत्येक फोटोनंतर फिल्मचा होल्डर उलटायचा, अंधारात फ्लॅशचा बल्ब जळला की तो गरम बल्ब काढून नवा बसवायचा. त्या मंडळींच्या दृष्टीने १२० चा रोल म्हणजे ‘मध्यम’ नव्हे, लहानच! आज आपण ज्याला जड म्हणतो, तो आकार एके काळी सुटका म्हणून आला होता, हे ध्यानात ठेवलेले बरे.

ही सुटका जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरात घडली. पाउल फ्रांके आणि राइनहोल्ड हायडेके यांनी १९२० साली तिथे कारखाना काढला. त्यांचे सुरुवातीचे कॅमेरे स्टिरिओ छायाचित्रांसाठी होते : दोन बाजूंना फोटो टिपणाऱ्या दोन लेन्स आणि मध्ये केवळ पाहण्यासाठी तिसरी. १९२९ साली त्यांनी या तिघींतली एक काढून टाकली, उरलेल्या दोघींना एकीवर एक बसवले आणि रोलायफ्लेक्स जन्माला आला. वरच्या लेन्समधून पाहायचे, खालच्या लेन्सने टिपायचे. दोन लेन्सची कल्पना त्यांच्या आधीही होती. पण ती इतक्या आटोपशीर, हातात मावणाऱ्या रूपात त्यांनीच आणली.

रोलायफ्लेक्सचे रहस्य त्याच्या निश्चलतेत आहे. वरच्या लेन्समागचा आरसा पक्का बसवलेला; तो कधीच उचलला जात नाही. शटर खालच्या लेन्सच्या आत, बारीक पाकळ्यांचे. त्या पाकळ्या इतक्या हलक्या की त्यांचा धक्का कॅमेऱ्याच्या अंगाला जाणवत नाही. आवाज ‘टिच्’ एवढाच. भर लग्नमंडपातसुद्धा शेजाऱ्याला ऐकू जाणार नाही. आणि धरायचा तो डोळ्यापाशी नव्हे, छातीपोटापाशी : गळ्यातला पट्टा ताणून, दोन्ही कोपरे बरगड्यांना टेकवून, मान खाली घालून काचेवरच्या प्रतिमेत पाहायचे. दोन हात आणि एक मान, असा हा हाडामांसाचा ट्रायपॉडच झाला.

उणीवा होत्याच. काचेवरची प्रतिमा सुलटी दिसे, पण डावे-उजवे उलटलेले. डावीकडे धावणारे मूल काचेवर उजवीकडे पळे आणि नवशिक्याचा कॅमेरा भलत्याच बाजूला वळे. अगदी जवळच्या वस्तूला दोन लेन्समधले अंतर बाधे. बारा चौकटी संपल्या की रोल बदलायला मिनिटभर हवे, आणि इतिहास मिनिटभर थांबत नाही.

इथे होमाई व्यारावाला यांच्याकडे वळतो. १९१३ साली नवसारीला जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई या भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार मानल्या जातात. आरंभी त्यांचे फोटो पती माणेकशॉ यांच्या नावाने छापले जात. पुढे ‘डालडा १३’ हे टोपणनाव त्यांनी घेतले, ज्यामागे त्यांचे जन्मवर्ष आणि त्यांच्या गाडीचा डीएलडी १३ हा क्रमांक होता. १९४२ साली ब्रिटिश माहिती खात्याच्या नोकरीसाठी त्या दिल्लीला गेल्या आणि पुढची जवळजवळ तीन दशके स्वातंत्र्याचे सोहळे, नेहरूंची राजधानी, परदेशी पाहुणे आणि राष्ट्रीय नेत्यांच्या अंत्ययात्रा टिपत राहिल्या. १९७० साली त्यांनी हे काम सोडले. २०११ साली पद्मविभूषण मिळाले, आणि जानेवारी २०१२ मध्ये वडोदऱ्यात त्यांचे निधन झाले. ज्या शहरात क्लिक थ्री बनत असे, तेच हे शहर.

त्यांच्या हाताशी दोन्ही प्रकारची यंत्रे होती : स्पीड ग्राफिक आणि रोलायफ्लेक्स. एकीकडे डोळ्यासमोर धरायचे जड धूड, दुसरीकडे छातीशी धरायची शांत पेटी. साडी नेसून, उपकरणांचे ओझे खांद्यावर घेऊन, पुरुष छायाचित्रकारांच्या गर्दीत वाट काढणाऱ्या बाईसाठी ही निवड हौसेची नव्हती. गर्दीत मागे अडकल्यास रोलायफ्लेक्स डोक्यावर उलटा धरून, मान वर करून त्याच्या काचेत पाहत फोटो घेता येतो. त्या पिढीच्या कितीतरी वृत्तछायाचित्रकारांनी ही युक्ती वापरली. घाई असेल तर वरचे झाकण दुमडून त्यातल्या चौकोनी खिडकीतून थेट डोळ्याने नेम धरता येतो. म्हणजे एकच यंत्र तीन उंचींवर चालते : छातीशी, डोळ्याशी आणि डोक्यावर.

ही उंची छायाचित्रातून ओळखता येते, आणि हा या धाग्यातला माझा सर्वांत आवडता भाग आहे. जमीन सपाट असेल, तर क्षितिजरेषा छायाचित्रातल्या प्रत्येक उभ्या माणसाला कॅमेऱ्याच्याच उंचीवर छेदते. मग तो माणूस पाच फुटांवर असो वा पन्नास. साधी भूमिती आहे. क्षितिज माणसांच्या डोळ्यांतून जात असेल, तर कॅमेरा डोळ्यापाशी होता. ते त्यांच्या छातीतून किंवा पोटातून जात असेल, तर कंबरेवरून पाहण्याचा कॅमेरा असण्याचा संभव मोठा. सगळ्यांच्या डोक्यांवरून जात असेल, तर छायाचित्रकार गच्चीवर, ट्रकवर किंवा कॅमेरा वर उचलून उभा होता. क्षितिज इमारतींनी झाकले असले, तरी फरशीच्या किंवा भिंतींच्या समांतर रेषा मागे जिथे मिळतात, ती उंची क्षितिजाचीच. उतारावरची जमीन आणि खाली वाकून घेतलेले फोटो मात्र फसवतात.

हे कळल्याने काय होते? छातीच्या उंचीवरून घेतलेल्या छायाचित्रात समोरचा माणूस किंचित उंच, किंचित भारदस्त दिसतो. ती भारदस्ती छायाचित्रकाराच्या भक्तिभावातून आली की केवळ यंत्र धरण्याच्या रीतीतून, हा प्रश्न विचारल्याशिवाय पन्नासच्या दशकातल्या राजकीय छायाचित्रांवर आपण भरमसाट भाष्य करू नये. ‘नेत्याचे दैवतीकरण’ असे लिहून मोकळे होणे सोपे आहे. आधी क्षितिज कुठून जाते ते पाहावे.

दुसरा परिणाम समोरच्या माणसाच्या नजरेत दिसतो. डोळ्याला लावलेला कॅमेरा चेहरा झाकतो. छातीशी धरलेला झाकत नाही. न्यूयॉर्कच्या डायान आर्बस यांनी १९६२ च्या सुमारास ३५ मिमीचा निकॉन मागे ठेवून रोलायफ्लेक्स घेतला, पुढे मामियाचा दोन लेन्सचा कॅमेराही वापरला. दाणेदार प्रतिमांऐवजी त्यांना कातडीचा पोत आणि कापडाचा धागा हवा होता. चौरस चौकटीतल्या त्यांच्या माणसांची ती थेट, अस्वस्थ करणारी नजर आपल्या ओळखीची आहे. समोर यंत्राने झाकलेला चेहरा नव्हता, हे तिचे एक कारण असावे, असे मला वाटते. शिकागोत मुले सांभाळण्याची नोकरी करणाऱ्या व्हिव्हियन मायर यांचे उदाहरण याच्या उलट. त्यांचा ठेवा २००७ साली एका लिलावात उजेडात आला आणि निगेटिव्हांची संख्या लाखाच्या घरात निघाली. दुकानांच्या काचांतल्या त्यांच्या स्वतःच्या प्रतिबिंबांत रोलायफ्लेक्स पोटाशी शांतपणे धरलेला दिसतो. रस्त्यावरच्या अनेकांना आपला फोटो निघाला याचा पत्ताही लागला नसेल. एकच यंत्र, एकीला ते समोरासमोर उभे करते, दुसरीला अदृश्य.

दोन लेन्सच्या कॅमेऱ्याची मर्यादा अशी की, बहुतेकांत लेन्स बदलता येत नाही. (मामियाची सी मालिका हा सन्माननीय अपवाद.) एकाच लेन्समधून पाहावे, तिच्यातूनच टिपावे आणि हवी ती लेन्स लावावी, यासाठी आरसा हलता ठेवावा लागतो. इथून पुढे हलणाऱ्या आरशाचा इतिहास सुरू होतो.

स्वीडनच्या व्हिक्टर हॅसलब्लाड यांनी दुसऱ्या महायुद्धात आपल्या देशाच्या वायुदलासाठी हातात धरायचे हवाई कॅमेरे बनवले. १९४८ साली त्यांनी १६०० एफ हा नागरी कॅमेरा न्यूयॉर्कमध्ये सादर केला : लेन्स वेगळी, फिल्मची पेटी वेगळी, पाहण्याची काच वेगळी, सगळे सुटे करून जोडता येण्यासारखे. फिल्मच्या पुढ्यात धावणारे धातूच्या पातळ पत्र्याचे त्याचे शटर १/१६०० सेकंदाचा वेग सांगे. पण ते नाजूक निघाले आणि वारंवार बिघडू लागले. १९५७ च्या ५०० सी मध्ये कंपनीने तो हव्यास सोडला, वेग १/५०० पर्यंत उतरवला आणि शटर लेन्सच्या आत नेले. महत्त्वाकांक्षेचा आकडा लहान करून यंत्र मोठे झाले, असे उदाहरण दुर्मीळच.

५०० सी चे बटण दाबल्यावर आत जे घडते ते ऐकण्यासारखे असते. लेन्समधले शटर मिटते, आरसा वर आपटतो, मागची झडप उघडते, आणि मग शटर उघडून मिटते. कानाला हे सारे मिळून एकच ‘थप्प’ ऐकू येते. आरसा वरच राहतो आणि पुढची फिल्म ओढेपर्यंत काच काळी. आरसा आधीच उचलून ठेवण्याची सोय आहे, पण मग हातात धरलेल्या यंत्रातून काही दिसत नाही. कंबरेवरून धरल्यास १/१२५ ला हा कॅमेरा सुखाने चालतो. त्याखाली हात सरावाचा हवा. तसे सरावाचे हात आहेतच. दयानिता सिंग यांनी हॅसलब्लाड असाच पोटाशी धरून भारतीय घरांतली, दप्तरखान्यांतली चौरस काळीपांढरी चित्रे घेतली. २०२२ साली हॅसलब्लाड पुरस्कार मिळवणाऱ्या त्या दक्षिण आशियातल्या पहिल्या छायाचित्रकार.

आरशाची ही अडचण मुळातून सोडवली गेली ती मात्र पृथ्वीच्या बाहेर. १९६२ साली वॉल्टर शिरा या अंतराळवीराने ह्यूस्टनच्या दुकानातून हॅसलब्लाड ५०० सी विकत घेतला आणि मर्क्युरी यानातून अवकाशात नेला. त्यातून नासा आणि हॅसलब्लाड यांचे नाते जुळले. १९६९ साली अपोलो ११ बरोबर चंद्राच्या पृष्ठभागावर गेलेला कॅमेरा मोटारवर चालणाऱ्या ५०० ईएल वर बेतलेला होता, पण त्यातून आरसा आणि पाहण्याची काच काढून टाकली होती. शिरस्त्राण घातलेला माणूस मान खाली वाकवून काचेत पाहणार कसा? फिल्म १२० नव्हे, ७० मिमी रुंदीची आणि पातळ; त्यामुळे एका पेटीत शंभराहून अधिक चौकटी मावत. हा कॅमेरा अंतराळपोशाखाच्या छातीवरच्या आधाराला अडकवायचा आणि अख्खे शरीर वळवून नेम धरायचा. ब्राउनश्वाइगची कल्पनाच ही, फक्त गळ्याच्या पट्ट्याऐवजी धातूची खाच!

नेम न पाहता धरल्याची खूण त्या मोहिमेच्या सर्वांत प्रसिद्ध छायाचित्रावर आहे. बझ ऑल्ड्रिन समोर उभे, त्यांच्या शिरस्त्राणाच्या काचेत फोटो घेणारे नील आर्मस्ट्राँग. मूळ चौकटीत ऑल्ड्रिन यांचे डोके जवळजवळ वरच्या कडेला भिडले आहे आणि पाठीवरच्या पेटीची अँटेना कापली गेली आहे. पुस्तकांत आणि भिंतीवर दिसणाऱ्या प्रतीत वर जे ऐसपैस काळे आकाश आहे, ते नंतर जोडलेले. कॅमेरा बहुतांश काळ आर्मस्ट्राँग यांच्याकडे असल्यामुळे चंद्रावर पहिले पाऊल ठेवणाऱ्या माणसाचे चंद्रावरचे चांगले स्थिरचित्र जवळपास नाहीच. त्या काचेतले प्रतिबिंब हेच त्याचे एक ठळक दर्शन. परतताना वजन वाचवण्यासाठी पृष्ठभागावरचे कॅमेरे तिथेच सोडले, फिल्मच्या पेट्या तेवढ्या आणल्या.

त्याच १९६९ साली जपानच्या असाही पेंटॅक्सने अगदी विरुद्ध दिशेने उडी घेतली. नेहमीचा ३५ मिमीचा कॅमेरा फुगवून मोठा केल्यासारखा पेंटॅक्स सहा बाय सात : डोळ्याला लावायचा, आत भलामोठा आरसा, फिल्मपुढे धावणारा मोठा कापडी पडदा. प्रिझम आणि १०५ मिमी लेन्ससह वजन सुमारे सव्वादोन ते अडीच किलो. धरण्यासाठी डाव्या बाजूला लाकडी मूठ मिळे. बटण दाबल्यावर कपाट बंद झाल्यासारखा आवाज होतो आणि मनगटाला हिसका बसतो. तरी असंख्य लोक तो हातातच वापरतात, आणि १/१२५ किंवा १/२५० ला उत्तम वापरतात. एवढे वजन स्वतःच पुष्कळसा कंप गिळते. मात्र १/३० ला हा कॅमेरा हातात धरणारा एक तर फार कसलेला असतो किंवा फार आशावादी. मामियाचा आरबी ६७ (१९७०) स्टुडिओसाठीच जन्मला. तो खांद्यावर घेऊन राजगड चढायचा विचार असल्यास आधी कोणाकडून तासभर उसना घ्यावा.

आरसा नकोच असेल, तर तिसरा मार्ग रेंजफाइंडरचा : पाहण्याची खिडकी बाजूला, शटर लेन्समध्ये, पोटात हलणारे जवळजवळ काही नाही. फुजीचे सहा बाय नऊचे कॅमेरे, १९७९ चा घडीचा प्लाउबेल माकिना ६७, १९८९ चा मामिया ६ आणि १९९५ चा मामिया ७ ही याची उदाहरणे. केवळ ‘हातात धरून सर्वांत स्पष्ट निगेटिव्ह’ एवढीच कसोटी लावली, तर मामिया ७ ला तोड नाही. ८० मिमी लेन्ससह तो सव्वा किलोच्या आसपास भरतो आणि १/३० ला सहज साथ देतो. पण त्या लेन्सचे तोंड एफ/४ पेक्षा मोठे उघडत नाही, मीटरभराच्या आत फोकस होत नाही, शटर बॅटरीवर चालते आणि किंमत विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेर. खेरीज टोपी लेन्सवर तशीच राहिली तरी खिडकीतून जग लख्ख दिसत राहते, हा जुना विनोद वेगळाच.

मग घ्यावा कोणता? माझे मत सांगतो : पहिला कॅमेरा दोन लेन्सचाच घ्यावा. रोलायफ्लेक्स परवडत नसेल तर रोलायकॉर्ड, नाहीतर याशिका मॅट. १९७० चा याशिका मॅट १२४ जी आणि त्याची आधीची भावंडे आपल्याकडच्या लग्नाच्या फोटोग्राफरांनी आणि गावोगावच्या स्टुडिओंनी वर्षानुवर्षे राबवली. म्हणून जुन्या स्टुडिओंच्या माळ्यांवर ते अजून मिळतात आणि त्यांची नाडी ओळखणारे वयस्कर कारागीरही क्वचित भेटतात.

घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. लेन्समागून विजेरीचा प्रकाश टाकून आत जाळ्यासारखे तंतू दिसतात का ते तपासावे. ती बुरशी असते, आणि मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात न वापरता पडलेल्या लेन्सला ती हटकून धरते. शटर एक सेकंदावर लावून ऐकावे. जुने वंगण घट्ट झाले असेल तर ते रेंगाळते किंवा मध्येच अडकते. १२४ जी चा प्रकाशमापक पाऱ्याच्या बॅटरीवर चाले, तशा बॅटऱ्या आता बनत नाहीत; म्हणून त्याच्या काट्यावर भिस्त न ठेवता वेगळा प्रकाशमापक किंवा फोनमधले अ‍ॅप वापरावे.

फिल्म आयएसओ ४०० ची घ्यावी. समजा, तुमच्या गावातला एखादा वाडा पुढच्या महिन्यात पाडला जाणार आहे आणि तुम्ही संध्याकाळी त्याच्या ओसरीवर उभे आहात. खांबांच्या सावलीत एफ/४ ला १/६० मिळेल, माजघराच्या दारात १/१५ सुद्धा मिळणार नाही. पट्टा मानेवर ताणावा, खांबाला पाठ टेकावी, अर्धा श्वास सोडून थांबावे, आणि बटण दाबण्याऐवजी बोटाने हळूहळू पिळत न्यावे. एकच कोन तीनदा घ्यावा. तिघांतला एक स्थिर निघतो. म्हणजे बारा चौकटींत चार दृश्ये बसली. ओसरी, देवळी, जिना आणि चौकातले तुळशीवृंदावन यांतच रोल संपतो, तेव्हा कोणती चार हे आत शिरण्यापूर्वी ठरवावे, आणि दुसरा रोल खिशात असू द्यावा.

संपलेला रोल उन्हात काढू नये. सावलीत, शरीराच्या आडोशाला काढावा, सैल पडू न देता त्याची कागदी पट्टी ओली करून घट्ट चिकटवावी आणि वर पेन्सिलीने तारीख व जागा लिहावी.